विश्लेषण : दोन मुरुड, एक अक्षांश आणि शिडाची होडी… बेटांवरचा दिवस वारा आणि भरती कसा ठरवतात?

सलग सुट्ट्या जवळ आल्या की समाजमाध्यमांवर दोघांच्या सहलींची छायाचित्रे फिरू लागतात. पांढरे शीड, निळे पाणी आणि या बेटावरून त्या बेटावर निघालेली छोटी नौका. ही बेटे बहुधा कॅरेबियन समुद्रातली किंवा थायलंडकडची असतात आणि तिथला खर्च बघून मोबाइल खाली ठेवला जातो. पण उष्णकटिबंधातला समुद्र, एकमेकांना दिसणारी दोन बेटे, शिडाच्या होड्या आणि त्या चालवणारी पिढीजात माणसे हे सगळे रायगड जिल्ह्यातील मुरुडलाही आहे. लातूर जिल्ह्यातील मुरुडचे एखादे जोडपे तिथे एक दिवस शिडाच्या होडीतून बेटे पाहायला निघाले, तर त्या दिवसाची आखणी कशी करावी लागेल? घड्याळाऐवजी वारा आणि पंचांग का पाहावे लागते? आणि साडेचारशे किलोमीटर प्रवास करून पोहोचल्यावर होडीवाला ‘आज नको’ म्हणाला तर त्याचे का ऐकावे?

मुरुड नेमके कोणते?

महाराष्ट्रात मुरुड नावाची तीन ठळक गावे आहेत. पहिले लातूर तालुक्यातील, लातूरहून बार्शीकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे, बाजारपेठेचे गाव. दुसरे रायगड जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण, जंजिरा किल्ल्यामुळे ‘मुरुड-जंजिरा’ म्हणून ओळखले जाणारे. तिसरे रत्नागिरी जिल्ह्यात दापोलीजवळचे, महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे बालपण जिथे गेले ते. मोबाइलच्या नकाशात नुसते ‘मुरुड’ टाकले तर भलत्याच गावाचा रस्ता दाखवला जाऊ शकतो. त्यामुळे निघण्यापूर्वी जिल्ह्याचे नाव तपासणे बरे.

या नावांच्या गोंधळात एक गमतीची भौगोलिक गोष्ट आहे. लातूरचे मुरुड आणि रायगडचे मुरुड ही दोन्ही गावे जवळपास एकाच अक्षांशावर, म्हणजे विषुववृत्ताच्या उत्तरेला साधारण सव्वाअठरा ते साडेअठरा अंशांच्या पट्ट्यात येतात. लातूरच्या मुरुडहून सरळ पश्चिमेला रेघ ओढली तर साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास ती कोकणातल्या मुरुडजवळ समुद्राला भिडते. रस्त्याने मात्र बार्शी, टेंभुर्णी, पुणे आणि ताम्हिणी घाट असा सुमारे साडेचारशे किलोमीटरचा प्रवास आहे. हीच रेघ अशीच पुढे, आफ्रिका आणि अटलांटिक महासागर ओलांडून नेली तर ती कॅरेबियन समुद्रातील ब्रिटिश व्हर्जिन बेटांजवळ पोहोचते. शिडाच्या नौकेतून बेटे फिरण्यासाठी जगात ज्या जागांचे नाव प्रथम घेतले जाते, त्यांपैकी ही एक.

अक्षांश एक, मग समुद्र वेगळा का?

ब्रिटिश व्हर्जिन बेटांकडे पर्यटक जातात ते तिथल्या वाऱ्याच्या भरवशावर. उष्णकटिबंधातील महासागरांवरून पूर्वेकडून पश्चिमेकडे जवळजवळ वर्षभर वाहणाऱ्या वाऱ्यांना व्यापारी वारे म्हणतात. डिसेंबर ते एप्रिल या काळात तिथे हा वारा दिवसरात्र एकाच बाजूने, बऱ्यापैकी सारख्या वेगाने वाहतो. बेटे जवळजवळ आहेत, एका बेटावरून दुसरे दिसते. त्यामुळे नौका चालवायला शिकलेली जोडपी खलाशी न घेता नौका भाड्याने घेतात, सकाळी एका खाडीतून निघतात आणि दुपारी दुसऱ्या बेटाच्या आडोशाला नांगर टाकतात.

अरबी समुद्राचे तसे नाही. इथे मोसमी वाऱ्यांचे राज्य आहे. जून ते सप्टेंबर नैर्ऋत्येकडून येणारा वारा समुद्र खवळून टाकतो. लातूरकर ज्या पावसाची वाट पाहतात, तो आणणारा वारा हाच. त्या काळात कोकणातली प्रवासी जलवाहतूक बंद असते. साधारणपणे मे महिन्याच्या अखेरीपासून ऑगस्टअखेरपर्यंत बेटांवर जाण्याचा प्रश्नच उरत नाही. पाऊस सरल्यावर, ऑक्टोबरपासून मेपर्यंत, किनाऱ्याजवळ दुसरीच व्यवस्था लागू होते. दिवसातून दोनदा दिशा बदलणारे वारे सुरू होतात. शिडाच्या होडीने एका दिवसात जाऊन परत येणे शक्य होते ते या दोन वाऱ्यांमुळे.

सकाळचा वारा वेगळा, दुपारचा वेगळा, असे का?

खारे वारे आणि मतलई वारे हा धडा मराठी शाळेत शिकलेल्या प्रत्येकाने पाठ केलेला असतो. मराठवाड्यात तो परीक्षेपुरता राहतो, कोकणात त्यावर दिवस चालतो. जमीन लवकर तापते आणि लवकर थंड होते. पाण्याला दोन्हीसाठी वेळ लागतो. रात्री जमीन थंड झाली की तिच्यावरची हवा जड होते आणि समुद्राकडे सरकते. हा मतलई वारा. तो पहाटे आणि सकाळच्या पहिल्या तासांत जमिनीकडून, म्हणजे साधारण पूर्वेकडून वाहतो. सूर्य वर आला, जमीन तापली, तिच्यावरची हवा हलकी होऊन वर गेली की तिची जागा घ्यायला समुद्रावरची थंड हवा आत येते. हा खारा वारा. तो दुपारी जोर धरतो आणि कोकण किनाऱ्यावर साधारण पश्चिमेकडून किंवा वायव्येकडून येतो.

या दोन्हींच्या मध्ये एक रिकामा काळ असतो. सकाळी दहा-अकराच्या सुमारास मतलई वारा थांबलेला असतो आणि खारा वारा सुरू झालेला नसतो. शीड लोंबकळते, होडी जागच्या जागी डुलत राहते. याला ‘वारा पडणे’ म्हणतात. रात्रभर प्रवास करून आलेले, लॉजवर आंघोळ-नाश्ता उरकून निघालेले पर्यटक नेमके याच वेळी धक्क्यावर येतात. शिडाच्या होडीने लांबचे बेट गाठायचे असेल तर ही वेळ सर्वांत गैरसोयीची.

भरतीची वेळ घरच्या पंचांगावरून काढता येते?

वाऱ्याइतकीच महत्त्वाची आहे भरती. किनाऱ्याजवळच्या बेटावर होडी कुठपर्यंत जाऊ शकते, कुठे खडक उघडे पडतात आणि खाडीचे पाणी बाहेर ओढते की आत ढकलते, हे सारे तिच्यावर ठरते. कोकण किनाऱ्यावर दिवसातून दोन भरत्या आणि दोन ओहोट्या येतात. एका भरतीपासून पुढच्या भरतीपर्यंत साधारण साडेबारा तास जातात. त्यामुळे भरतीची वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते.

कोकणात यासाठी जुना, सोपा हिशेब आहे. तिथीची पाऊणपट करायची. आलेला आकडा म्हणजे पूर्ण भरतीची ढोबळ वेळ. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे तीन वाजता भरती. अष्टमीला सहा वाजता. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. वद्य पक्षात प्रतिपदेपासून पुन्हा एकपासून मोजायचे. भरतीनंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. मराठवाड्यातल्या घराच्या भिंतीवरही तेच दिनदर्शिका-पंचांग लटकलेले असते. त्यामुळे सुट्टीचा दिवस ठरवतानाच, समुद्रापासून शेकडो किलोमीटर लांब बसून, त्या दिवशी पाणी केव्हा चढेल याचा अंदाज घेता येतो. या हिशेबात अर्धा-पाऊण तासाचा, काही वेळा त्याहून थोडा जास्त फरक पडू शकतो. म्हणून प्रत्यक्ष निघण्यापूर्वी त्या दिवसाचे अधिकृत भरती-ओहोटीचे वेळापत्रक पाहावेच लागते.

तिथीवरून आणखी एक गोष्ट कळते. अमावास्या आणि पौर्णिमेच्या आसपास चंद्र आणि सूर्याची ओढ एका रेषेत येते आणि पाणी जास्त चढते, जास्त उतरते. ही उधाणाची भरती. अष्टमीच्या आसपास ही ओढ काटकोनात असते. तेव्हा पाण्याचा चढउतार कमी असतो. ही भांगाची भरती. उधाणाला खाडीच्या तोंडाशी प्रवाह जोरात असतो, भांगाला तो मवाळ असतो. समुद्राची सवय नसलेल्या दोघांसाठी भांगाचे दिवस अधिक सोयीचे.

मग दिवस कसा आखायचा?

समजा, हिवाळ्यातली शुद्ध किंवा वद्य नवमी आहे. पाऊणपटीच्या हिशेबाने सकाळी पावणेसातच्या सुमारास पूर्ण भरती आणि दुपारी एकच्या सुमारास पूर्ण ओहोटी. मुक्काम आदल्या रात्रीच मुरुड किंवा राजपुरीत केलेला हवा. राजपुरी हे खाडीच्या तोंडावरचे गाव. जंजिऱ्याला जाणाऱ्या शिडाच्या होड्या इथून सुटतात. राजपुरीपासून जंजिरा पश्चिमेला जेमतेम किलोमीटरभर. जंजिऱ्याच्या वायव्येला तीन-चार किलोमीटरवर, मुरुड गावासमोरच्या समुद्रात, दुसरे बेट : कासा किंवा पद्मदुर्ग.

बहुतेक लोक आधी जवळचे बेट पाहतात आणि वेळ उरला तर लांबचे. शिडाच्या होडीचा क्रम उलटा हवा. सकाळी सातच्या सुमारास निघाले तर मतलई वारा पाठीशी असतो आणि ओहोटी सुरू झाल्याने खाडीचे पाणीही बाहेरच्या बाजूला चाललेले असते. वारा आणि पाणी दोन्ही पद्मदुर्गाच्या दिशेने नेतात. ताशी सात किलोमीटरचा, म्हणजे भरभर चालणाऱ्या माणसापेक्षा थोडा जास्त वेग मिळाला तरी पाऊण तासात बेट समोर येते. पाणी फार उतरण्यापूर्वी तिथून निघायचे. दहा-अकराला वारा पडला तर होडीतच बसून डबा सोडायचा. बारानंतर खारा वारा सुरू झाला की तो पुन्हा पाठीशी, यावेळी जमिनीच्या दिशेने ढकलणारा. एक वाजल्यानंतर भरती लागते आणि पाणीही खाडीत शिरू लागते. परतीच्या वाटेवर जंजिरा पाहायचा आणि ऊन कलण्यापूर्वी राजपुरीच्या धक्क्याला लागायचे. जाताना आणि येताना दोन्ही वेळा वारा आणि पाणी सोबतीला, हे या आखणीचे सार.

प्रत्यक्षात आज पर्यटकांसाठी शिडाच्या होड्यांची नियमित फेरी असते ती राजपुरी ते जंजिरा एवढीच. पद्मदुर्गाकडे लोक बहुधा इंजिनाच्या होडीने जातात. संपूर्ण दिवसाची सफर हवी असेल तर आदल्या दिवशी तांडेलाशी बोलून ठरवावे लागते. बेटावर उतरण्यास परवानगी लागते का, तेही तेव्हाच विचारावे. शीड आणि इंजिन दोन्ही असलेली होडी मिळाली तर उत्तम. वारा पडला किंवा उशीर झाला तर इंजिन हाताशी राहते.

उशीर झाला आणि वारा समोरून आला तर?

शिडाच्या होडीबद्दल सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न हाच. वारा मागून ढकलतो हे समजते, पण समोरून आला तर होडी पुढे कशी जाते? अगदी समोर, वाऱ्याच्या तोंडावर, कोणतीही शिडाची होडी जाऊ शकत नाही. वाऱ्याच्या दोन्ही बाजूंना साधारण ४५ अंशांचा पट्टा तिला बंद असतो. जुन्या पद्धतीच्या होड्यांना तो आणखी रुंद असतो. या पट्ट्याच्या कडेने मात्र ती जाऊ शकते. ताणलेल्या तिरप्या शिडाला वाऱ्यात बाक येतो. त्या बाकाच्या बाहेरच्या बाजूने हवा वेगाने सरकते, आतल्या बाजूला दाब जास्त राहतो आणि शीड बाजूला ओढले जाते. विमानाच्या पंखाला जी उचल मिळते, तिचेच हे आडवे रूप. होडी बाजूला घसरू नये यासाठी तळाचा कणा पाण्यात रोवल्यासारखा काम करतो. बाजूची ओढ अडवली गेली की उरते ती पुढची चाल.

मग तांडेल काय करतो? थोडा वेळ डावीकडे तिरपे, मग शीड फिरवून उजवीकडे तिरपे, असा नागमोडी रस्ता काढतो. घाट चढताना रस्ता जशी वळणे घेतो तसेच हे. याची किंमत अंतरात मोजावी लागते. ४५ अंशांच्या वळणांनी चार किलोमीटर समोर जायचे तर होडीला सुमारे पावणेसहा किलोमीटर कापावे लागतात, तेही लाटा नाळेवर घेत. म्हणून सकाळी सातला निघालेल्याला जे बेट पाऊण तासावर आहे, तेच दुपारी एकला निघालेल्याला दीड-दोन तासांवर जाते. तोपर्यंत उलटी सुरू झालेला जोडीदार ‘परत चला’ म्हणू लागलेला असतो.

बेटांवर पाहण्यासारखे काय?

जंजिरा हा शब्दच अरबी ‘जझीरा’ म्हणजे बेट यावरून आलेला. सिद्दींचा हा किल्ला मराठ्यांना अखेरपर्यंत घेता आला नाही. छत्रपती शिवाजी महाराजांनी प्रयत्न केले. १६८२ च्या सुमारास छत्रपती संभाजी महाराजांनी समुद्रात भराव घालून वाट काढण्याचा प्रयत्न केला. होडीतून जाताना या किल्ल्याच्या बळाचे एक कारण डोळ्यांना दिसते. मुख्य दरवाजा राजपुरीच्या बाजूला आहे, पण होडी अगदी जवळ जाईपर्यंत तटबंदीत तो ओळखू येत नाही. आत कलालबांगडीसारख्या प्रचंड तोफा आहेत.

लातूरहून आलेल्याचे पाय मात्र बहुधा तोफांपेक्षा तळ्यांपाशी थबकतील. चहूबाजूंनी खारे पाणी असलेल्या या बेटावर गोड्या पाण्याची दोन मोठी तळी आहेत. वेढा कितीही लांबला तरी आतल्या माणसांना तहानेने दार उघडावे लागू नये, ही त्यामागची सोय. एप्रिल २०१६ मध्ये मांजरा धरण कोरडे पडल्यावर मिरजेहून ‘जलदूत’ रेल्वेने पाणी आणावे लागलेल्या शहराच्या शेजारी राहणाऱ्यांना साठवलेल्या पाण्याचे मोल वेगळे सांगण्याची गरज नाही.

पद्मदुर्ग हा जंजिऱ्याला शह देण्यासाठी शिवाजी महाराजांनी उभारलेला जलदुर्ग. त्याच्या बुरुजावर कमळाच्या पाकळ्यांसारखी रचना आहे. तिथली भिंत जवळून पाहण्यासारखी आहे. खाऱ्या वाऱ्याने आणि लाटांनी दगड झिजून आत गेले आहेत, पण दोन दगडांमधला चुना अजून तसाच उभा आहे. या भागातील लाय पाटील या कोळी वीराची कथाही इथे सांगितली जाते. जंजिऱ्याच्या तटाला शिड्या लावण्याचे धाडस केल्याबद्दल महाराजांनी त्यांना पालखीचा मान देऊ केला. पाण्यावर जगणाऱ्याला पालखीचा काय उपयोग, असे त्यांनी म्हटल्यावर ‘पालखी’ नावाचे गलबतच त्यांना बांधून देण्यात आले, अशी ती कथा.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठ्यांच्या १२ किल्ल्यांचा समावेश झाला. त्यात खांदेरी, सुवर्णदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे बेटांवरचे किल्ले आहेत. जंजिरा आणि पद्मदुर्ग त्या यादीत नाहीत. सुवर्णदुर्ग हा तिसऱ्या, म्हणजे दापोलीच्या मुरुडजवळ, हर्णैसमोर आहे. त्यामुळे नकाशाने चुकून तिथे नेले तरी बेट मिळतेच.

दोघांनाच होडी चालवता येते का?

प्रशिक्षण असेल तर येते. दोन माणसांची नौका हा समुद्रावरचा मान्य प्रकार आहे. भारतीय नौदलाच्या लेफ्टनंट कमांडर दिलना के. आणि लेफ्टनंट कमांडर रूपा ए. या दोघींनी ‘तारिणी’ या शिडाच्या नौकेतून २ ऑक्टोबर २०२४ रोजी गोव्याहून निघून २९ मे २०२५ रोजी परत येत पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण केली. सुमारे आठ महिने नौकेवर फक्त दोघी. त्याआधी २००९-१० मध्ये कमांडर दिलीप दोंदे यांनी ‘म्हादेई’ नौकेतून एकट्याने ही प्रदक्षिणा पूर्ण केली होती. असे करणारे ते पहिले भारतीय. ‘म्हादेई’ आणि ‘तारिणी’ या दोन्ही नौका गोव्यातील मांडवीकाठी, दिवाडी बेटावर बांधल्या गेल्या.

दोघांच्या नौकेत कामाची वाटणी साधी असते. एकाच्या हातात सुकाणू, दुसऱ्याच्या हातात शिडाची दोरी. वळण घ्यायचे असेल तेव्हा सुकाणूवाला आधी सांगतो, दोरीवाला ‘तयार’ म्हणतो, मगच होडी वळते. न सांगता वळवली तर शिडाची काठी डोक्यात बसू शकते. निर्णय कोणी घ्यायचा हे किनाऱ्यावरच ठरवलेले असते. पाण्यात त्यावर वाद घालायला वेळ नसतो. नवरा-बायकोच्या नौकेत हा नियम अधिकच कामाचा. सुकाणू नेहमी नवऱ्याकडेच असावे असा कोणताही नियम मात्र नाही.

लातूरकरांना हे शिकायचे असेल तर समुद्रापर्यंत जाण्याचीही गरज नाही. हैदराबादचा हुसेनसागर तलाव हे देशातील शीडनौकांच्या प्रशिक्षणाचे आणि स्पर्धांचे एक जुने केंद्र आहे. तिथल्या क्लबमध्ये लहान मुलांपासून मोठ्यांपर्यंत प्रशिक्षण दिले जाते. लातूरहून ते कोकणापेक्षा जवळ आहे. पण तलावावर शिकलेले लगेच खुल्या समुद्रावर पुरत नाही. पहिल्यांदा समुद्रात जाणाऱ्या जोडप्याने सुकाणू स्थानिक तांडेलाकडेच द्यावे, आणि होडीला महाराष्ट्र सागरी मंडळाचा परवाना आहे ना, याची खात्री करावी.

धोका नेमका कुठे असतो?

कोकणातला समुद्र हिवाळ्यात शांत दिसतो आणि त्यामुळेच त्याच्याबद्दल गैरसमज होतात. १ फेब्रुवारी २०१६ रोजी याच मुरुडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेल्या डझनाहून अधिक विद्यार्थ्यांचा बुडून मृत्यू झाला होता. तो काही वादळाचा दिवस नव्हता. १८ डिसेंबर २०२४ रोजी मुंबईत गेटवेहून घारापुरीकडे निघालेल्या ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीला नौदलाच्या स्पीडबोटीची धडक बसली आणि पंधरा जणांचा जीव गेला. त्यानंतर मुंबईतल्या प्रवासी बोटींवर लाइफ जॅकेट घालणे सक्तीचे करण्यात आले. जॅकेट आसनाखाली असून भागत नाही, ते अंगात आणि पट्टे आवळलेले हवे, एवढा धडा या दुर्घटनेने दिला.

लांबून आलेल्यांच्या बाबतीत आणखी एक धोका असतो, तो मनातला. साडेचारशे किलोमीटर आलो, सुट्टी आजच संपते, पैसे भरलेत, आता किल्ला न पाहता कसे जायचे? या दडपणाखाली तांडेलाला ‘चला हो, काही होत नाही’ असा आग्रह केला जातो. तोही गिऱ्हाईक सोडायला तयार नसतो. भरलेल्या होडीत आणखी दोघे बसतात. ऊन उतरायला लागल्यावर दुसऱ्या बेटाकडे नाळ वळते. हे टाळण्यासाठी परत फिरण्याची वेळ सकाळी निघतानाच ठरवावी लागते. ‘अकरापर्यंत पद्मदुर्गाहून निघालो नाही तर जंजिरा सोडायचा’ किंवा ‘लाटांवर पांढरा फेस सगळीकडे दिसू लागला तर वळायचे’ असे साधे नियम पुरतात. दोघांपैकी कोणी एक जरी ‘परत’ म्हणाले तर दुसऱ्याने कारण विचारू नये, हा त्यांतला सर्वांत उपयोगी.

शक्य असल्यास दोन रात्रींचा मुक्काम ठेवणे हा त्यावरचा खरा उपाय. पहिला दिवस वाऱ्याने घालवला तरी दुसरा हाताशी राहतो. खर्च थोडा वाढतो, पण घाईने निर्णय घेण्याची वेळ येत नाही.

निघताना काय काळजी घ्यावी?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत सोयीचा. मार्च-एप्रिलमध्ये खारा वारा दुपारी जोर धरतो आणि ऊनही चटका देते. हवामान खात्याचा मच्छीमारांसाठीचा इशारा आणि हैदराबादच्या ‘इन्कॉईस’ संस्थेचा समुद्रस्थितीचा अंदाज आदल्या संध्याकाळी पाहावा. समुद्रावर तहान लवकर लागते, त्यामुळे माणशी किमान तीन लिटर पिण्याचे पाणी सोबत असावे. सकाळी रिकाम्या पोटी निघू नये आणि भरपेट खाऊनही निघू नये. धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी हा मराठवाड्याचा प्रवासातला डबा होडीतही चांगला टिकतो. मळमळू लागले तर मोबाइलमध्ये न पाहता दूर क्षितिजाकडे पाहत राहावे. गाडी लागण्याचा त्रास असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारून गोळी निघण्यापूर्वी घ्यावी. टोपी, पूर्ण बाह्यांचे सुती कपडे आणि ओल्या दगडावर न घसरणारी पादत्राणे लागतात. मोबाइल प्लास्टिकच्या बंद पिशवीत ठेवावा आणि त्यात तटरक्षक दलाचा १५५४ हा शोध-बचाव क्रमांक व ११२ हा आपत्कालीन क्रमांक नोंदवलेला असावा. कुठे चाललो आणि किती वाजेपर्यंत परतणार, हे किनाऱ्यावर कोणाला तरी सांगून जावे. लॉजमालकाला सांगितले तरी चालते.

मृग कोरडा गेला तर काय करायचे आणि पेरणी कधी थांबवायची, हे लातूरच्या मुरुडातल्या शेतकऱ्याला कोणी शिकवावे लागत नाही. आभाळ पाहून दिवस ठरवण्याची त्याची सवय जुनी आहे. राजपुरीच्या धक्क्यावरचा तांडेल सकाळी वाऱ्याकडे तोंड करून उभा राहतो तेव्हा तोही तेच करत असतो. त्याने मान हलवली तर होडीत बसावे. ‘आज नको’ म्हटले तर जंजिरा किनाऱ्यावरून पाहून, ताजी मासळी खाऊन परत यावे. पुढच्या नवमीला भरती पुन्हा त्याच वेळेच्या आसपास असणार आहे.